शेजारच्या सीटचं बटण

त्या लाल स्पोर्ट्स कारचं पोस्टर आमच्या बेडरूमच्या भिंतीवर लग्नाआधीपासून होतं. मी तिला सवत म्हणायचे, त्यावर नवरा हसायचा. पण तिला नावं ठेवलेली त्याला खपायची नाहीत. एकदा दरवाजा फारच ठेंगणा आहे म्हणाले, तर दोन दिवस अबोला धरला होता.

पंधरा वर्षांनी ती खरोखरच दारात आली, जेमतेम दोन सीटची. माझी ताडमाड उंची बघून त्याने शोरूममध्येच शेजारची सीट पार मागे नेली आणि ते माप एका बटणावर सेव्ह केलं. "हे बटण फक्त तुझं. दाबलंस की सीट तुझ्या मापाला येणार."

मग आईच्या ऑपरेशनसाठी मी महिनाभर माहेरी राहिले. परत आल्यावर गाडीत बसून हौसेने माझं बटण दाबलं. सीट सरसर पुढे गेली आणि माझे गुडघे डॅशबोर्डवर आपटले. ते माप माझ्याहून चांगल्या वीतभर बुटक्या बाईचं होतं.

"गाडीतच फॉल्ट आहे गं," काचेबाहेर बघत तो म्हणाला. "कंपनीच बेकार."



पंधरा वर्षांत पहिल्यांदाच त्याने या सवतीला नावं ठेवली, दुसरीला वाचवायला.