गाडीला तोंड एकच

दातांचे डॉक्टर गॅरेजच्या दारातूनच विचारत आले, "गाडी गार ठेवतात त्या बाई कोण?"

मिस्त्रीने जॅकवर चढवलेल्या गाडीखालून मान बाहेर काढली. तोवर त्याची बायको हात पुसत पुढे झाली होती.

डॉक्टरांची गाडी दोन दारांची, बुटकी, टर्बो इंजिनाची. सुट्टीच्या दिवशी ते ती ट्रॅकवर पळवायचे. चार फेऱ्या झक्कास व्हायच्या. पाचव्या फेरीला तापमानाचा काटा वर सरकायचा आणि गाडी दम टाकायची.

"दोन ठिकाणी दाखवली," डॉक्टर म्हणाले. "दोघांनीही तुमचंच नाव घेतलं."

मिस्त्रीने गॅरेजची पाटी लावली तेव्हा बायको इथे फक्त डबा घेऊन यायची. बोल्ट कुठल्या अंगाला फिरवला की सुटतो, हे तिला त्यानेच दाखवलं होतं. तो कपडे झटकत त्या दोघांजवळ आला.

"मोठ्यात मोठा इंटरकूलर टाका," तो म्हणाला. "टर्बो इंजिनाला हवा तापवून पाठवतो. ती इंटरकूलरमध्ये जेवढी गार कराल तेवढी ताकद. पुढचं सगळं तोंड व्यापेल असा टाका. बारा गाड्यांना बसवलाय मी."

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि परत बायकोकडे वळले. "बाई, तुम्ही काय म्हणता?"

बायको जाळीपुढे उकिडवी बसली. आत डोकावून पाहत बोलली.

"ताकदीचं मिस्त्री म्हणतात ते खरंय. पण गाडीला तोंड एकच आहे, डॉक्टर. इंजिनाचं पाणी गार करणारा रेडिएटर या इंटरकूलरच्या मागे बसतो. पुढच्यानेच पोटभर खाल्लं तर मागच्याच्या वाट्याला उष्टी, तापलेली हवा. मग पहिल्या फेरीला मजा आणि पाचवीला पुन्हा हेच."

"मग?"

"इंटरकूलर मधला घेऊ. रुंद, पण बुटका. त्याच्या वरून रेडिएटरला थेट हवा मिळेल. रेडिएटर मात्र जाड घालू, पंखा नवा. आणि बाजूच्या फटी पत्र्याने बुजवू, म्हणजे आत आलेली हवा बगल देऊन पळणार नाही."

"करा," डॉक्टर म्हणाले.

मिस्त्री आपल्या गाडीखाली परत गेला. तिचं बरोबर होतं. तिचं निम्मं बोलून व्हायच्या आतच त्याला ते कळलं होतं. ती चुकली असती तर त्याला एवढं लागलं नसतं.

तीन दिवस ती एकटीच राबली. पत्रा कापला, घासला, बसवून पाहिला, पुन्हा काढून घासला. रेडिएटर उचलताना तिने एकदा त्याच्या दिशेने पाहिलं. तो बॉनेटमध्ये आणखी खोल वाकला. घरी जेवताना तिने विचारलं, "बरं नाही का?" तो म्हणाला, "मला काय धाड भरलीय?"

चौथ्या दिवशी दुपारी डॉक्टर आले. बायकोने बंपर चढवला, गाडी सुरू करून दिली आणि बाजूला उभी राहिली. इंजिन तापत गेलं. नवा पंखा सुरू झाला. डॉक्टर आत बसून पट्टा लावू लागले. खुशीत होते. बायकोही हसत होती. असं हसू मिस्त्रीने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

तो पाना घेऊन गाडीच्या पुढून चालला होता. नडगीवर गरम वारा लागला आणि तो थबकला.

पंख्याने समोरची हवा आत ओढायला हवी. हा बाहेर ढकलत होता. दोन तारा उलटसुलट जोडल्या गेल्या होत्या, एवढंच.

गप्प बसला असता तरी चाललं असतं. पुढच्या सिग्नलपर्यंत गाडी गेली असती. काटा चढला असता. डॉक्टर ढकलत गाडी परत घेऊन आले असते आणि विचारलं असतं, दुसरं कोणी आहे का इथे? उत्तरादाखल काय म्हणायचं तेही मिस्त्रीच्या ओठांवर तयार होतं.

डॉक्टरांनी गिअर टाकला.

"थांबा," मिस्त्री म्हणाला. "पंखा उलटा फिरतोय."

बायको हातभर अंतरावर उभी होती. तिच्या कानात सांगता आलं असतं. पण तो इतक्या मोठ्याने म्हणाला की समोरचा टायरवालाही वळून बघायला लागला.

डॉक्टर खाली उतरले. मिस्त्रीने इंजिन बंद केलं, वाकला, तारा सोडवल्या, अदलाबदल करून जोडल्या. दोन मिनिटांचं काम, पण त्याने पाच मिनिटं लावली. मग इंजिन चालू करून पंखा फिरू दिला, खिशातला एक कागद जाळीपुढे धरला आणि सोडला. कागद जाळीला जाऊन चिकटला.

"आता न्या," तो म्हणाला.

डॉक्टर कौतुकाने कागदाकडे बघत राहिले. मग बायकोला म्हणाले, "बाई, माणूस हुशार ठेवलाय हो तुम्ही." आणि मिस्त्रीच्या खांद्यावर थाप मारली. "कुणाकडे शिकलास रे?"

"डॉक्टर, अहो, हे माझे..." बायको बोलू लागली.

मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं. तिच्या गालावर ग्रीसचा काळा फराटा होता आणि कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या. ती त्याच्याकडे बघत नव्हती.

"यांच्याकडे," तो म्हणाला आणि पान्याने तिच्याकडे बोट दाखवल्यासारखं केलं.

"वाटलंच," डॉक्टर म्हणाले. गाडी फाटकाबाहेर पडली, वळली, दिसेनाशी झाली.

बायकोने पाना घ्यायला हात पुढे केला. त्याला मूठ उघडायला थोडा वेळ लागला.