भरतीची ओल

नायलॉनची जाळी आली आणि सुती जाळी रंगवायचं तांब्याचं भांडं चेंदणी कोळीवाड्यात भागीरथीच्या ओटीवर नुसतंच पडून राहिलं. मग ती त्यात चिंध्या रंगवू लागली. झाडाची साल उकळायची, कापड बुडवायचं आणि ताटाएवढ्या गोधड्या शिवायच्या. फ्लॅटमधले लोक त्या भिंतीवर टांगायला हौसेने नेत.

एक मात्र तिने स्वतःच्या भिंतीवर टांगली. तिच्या खालच्या अर्ध्यात खाडीत बुडालेल्या नवऱ्याचा सदरा, वरच्या अर्ध्यात मालूचा, त्यांच्या लेकीचा, आखूड झालेला फ्रॉक.

सासूने पाहिलं नि तोंडाला पदर लावला. "जित्याचं नि मेल्याचं कापड एका दोऱ्यात घेतलंस गो? उसव ते."

"तुमचं आपलं काहीतरीच, आत्याबाई."

दुसऱ्याच दिवशी सदऱ्याचं कापड ओलं लागलं. भिंत मात्र कोरडी ठणठणीत. ओहोटी लागली तसं ते सुकलं, आणि भरतीबरोबर ओल पुन्हा चढली. दर भरतीला बोटभर वर. भागीरथीने बोट जिभेला लावलं. खारट.

ओल फ्रॉकच्या काठाला टेकली, त्या दुपारी तिने कात्री घेतली. एक टाका कापला, दोरा ओढला. येईना. तिने हिसडा दिला. गोधडीच्या मागून कुणीतरी तेवढाच हिसडा दिला.

आत माजघरात अभ्यासाला बसलेली मालू खुदकन हसली.

"बाबा, पाय नको ना ओढूस!"