नॉर्मलचा नारळ

हिमानीचा रिपोर्ट नॉर्मल आला, की सासूबाई टेकडीच्या गणपतीला नारळ फोडत. तीन वर्षांत अकरा नारळ फुटले. त्याच तीन वर्षांत हिमानीचा पाय दोनदा सुजून खांब झाला, पोटातलं बाळ तीनदा गेलं. डॉक्टर बदलले, उत्तर तेच: “काही नाही, टेन्शन घेऊ नका.” काही नाही म्हणे! मग हे सगळं काय ती हौसेनं करत होती?

आज बाराव्या रिपोर्टवरून नव्या डॉक्टरीणबाईंनी मान वर केली.

“तुमची प्रतिकारशक्तीच रक्तात गुठळ्या करते आहे. बाळं त्यामुळेच गेली. याच्यावर औषध आहे.”

“आता कसं वं, पोरी?” सासूबाईंनी नारळ गुपचूप पिशवीत खाली ढकलला.

हिमानीनं हात पुढे केला.

“द्या मले, आई. आजचा मी फोडीन.”