पित्तराचं ताट

"धोंडबाकाका, इथं बसा, पाटावर," नरहरी म्हणाला.

धोंडबा भिंतीवरच्या, नरहरीच्या वडिलांच्या हार घातलेल्या फोटोकडे पाठ करून बसला. नरहरी कामाला होता त्या भिलाईच्या कारखान्याच्या गेटवरचा हा रखवालदार ब्रह्मदेशच्या लढाईत होता, हे नरहरीला महिन्यापूर्वीच कळलं. त्याचा अर्धा चेहरा तिथंच जळाला होता. आज पितृपक्षात वडिलांच्या, सुभेदार देवरावांच्या नावानं पित्तर म्हणून जेवायला त्यालाच बोलावलं होतं.

शत्रूच्या पाठीमागे जंगलात उतरणाऱ्या चाळीस जणांच्या तुकडीचे देवराव कमांडर. नरहरी तेव्हा चार वर्षांचा होता. सरकारी कागदावर ‘बेपत्ता’ एवढंच आलं. बारा वर्षं वाट पाहून घरच्यांनी त्यांच्या नावानं गवताचा पुतळा जाळून क्रियाकर्म केलं. मूळ गावात मात्र लोक अजून म्हणत, सुभेदार पळाला.

नरहरीची आई कौशल्या स्वयंपाकघराच्या पडद्याआड होती. परक्या पुरुषासमोर ती येत नसे. लग्नापासून ती नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवायची. तोही तिच्यासाठी काहीतरी ठेवून उठायचा. तो गेल्यापासून ती पत्रावळीवर जेवते.

"नरहरी, पित्तराले लाजू नोको म्हणा," ती आतून म्हणाली. "कावळे हसतीन."

नरहरीनं वडे वाढले. मग धीर करून विचारलं, "काका, माहे बाबा पळाले होते का?"

धोंडबानं हातातला घास ताटात ठेवला.

"नाही बापू. पोरायले नदीपार धाडलं अन् सुभेदार एकटे मागं राहिले. पण दुश्मन पलीकडं बसलाच होता. चाळीसातला एकच वाचला."

"तुमी."

"हो. मी."

आत भांडं पडल्याचा आवाज झाला.

"बाबा बी वाचले असते तं..."

"कोन्त्या तोंडानं घरी आले असते? एकोणचाळीस मायांनी विचारलं असतं, माहा कुठं हाय?"

नरहरीनं डोळे पुसले. "आता बोलो कोणी गावात. दाखवतो त्याले!"

धोंडबानं हात धुतले. ‘येतो’ म्हणाला नाही. सायकल हातात धरून कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टरच्या रस्त्यानं पायीच निघून गेला.

नरहरी ताट उचलायला वाकला. त्यात एक वडा शिल्लक होता.

"आई, हे गाईले घालून येतो."

"राहू दे."

कौशल्या पडद्याबाहेर आली. तिनं ते ताट आपल्याकडे ओढलं, त्यातच भात वाढून घेतला आणि जेवायला बसली.