कापलेला दस्ता

"हरणाच्या शिकारीची जुनी रायफल, दर्जा अव्वल, सगळं मूळचंच," असं ऑनलाइन लिलावात लिहिलं होतं, म्हणून मी बोली लावून घेतली. कायद्याप्रमाणे ती गावातल्या बंदुकीच्या दुकानात आली. पेटी उघडली, तर खांद्याला टेकवायचा मागचा लाकडी दस्ता करवतीने चांगला दोन इंच कापलेला! आता आमच्या मोंटानात कुठलाही शौकीन ती भिंतीवर लावणार नाही.

"छान गंडवलंय तुला, ड्वेन," दुकानदार हसला.

माझं डोकंच फिरलं. तिथूनच विकणाऱ्याला फोन लावला. आवाज म्हाताऱ्याचा होता.

"याला मूळचं म्हणतात होय?"

"पोरीला पहिल्यांदा शिकारीला न्यायचं होतं. तिचे हात पुरेनात, म्हणून मीच कापला."

"अहो, आमच्याकडेही बाप पोरांसाठी दस्ता कापतात. पण तो तुकडा जपून ठेवतात आणि पोर मोठं झालं की परत चिकटवतात. तुम्ही तो हरवलात वाटतं?"

"छे हो. समोर कपाटातच आहे."

"मग चिकटवायला काय झालं होतं?"

 

"ती मोठी झाली असती, तर चिकटवला असता की."