तिसऱ्या भागाचा शेवट

गेममधला शेवटचा बॉस, म्हणजे सगळ्यात दांडगा शत्रू, पडला, तर साकेतला मिळणार होता एकच शब्द: ‘चुकलो’. तोही दुसऱ्याच्या तोंडून. त्यासाठी त्याने चार दिवसांची हक्काची रजा घातली होती आणि ऑफिसात पाठ धरल्याचं कळवलं होतं. तिसऱ्या दिवशी पाठ खरंच धरली, खुर्चीत बसून बसून.

चूक कबूल करायची होती दौलतने. एकवीस वर्षांपूर्वी, बारावीच्या सुट्टीत, डोंबिवलीजवळ मानपाड्याला दौलतच्या घरी दोघांनी याच बंदुकीच्या गेमचे तिन्ही भाग खेळून काढले होते. कॉम्प्युटर दौलतचा, कारण त्यांच्या जमिनीचे पैसे नुकतेच आले होते. सीडी आणायचं काम साकेतचं, कारण अक्कल त्याच्याकडे आहे असं सगळ्या वर्गाचं मत होतं. साकेतचंही होतं. तिसऱ्या भागातला शेवटचा बॉस त्याने पाडला, स्क्रीन काळी झाली आणि गेम बंद पडला. शेवट दिसलाच नाही. शेजारी बसलेला दौलत म्हणाला, मी काही दाबलं नाही, गेम एवढाच असेल. साकेतचं म्हणणं, तूच दाबलंस, मी जिंकलेलं तुला बघवलं नाही. मागे तीन मित्र बसले होते. दौलतची आई, गोदाकाकू, पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभी होती.

“जमीन विकून कॉम्प्युटर येतो,” साकेत म्हणाला, “अक्कल येत नाही.”

साकेतने सीडी काढली आणि तो घरी चालता झाला. त्यानंतर दोघे कधी रस्त्यात समोर आलेच, तर एकाला मोबाइल आठवायचा आणि दुसऱ्याला भाजी.

आता चाहत्यांनी तो तिसरा भाग स्वतःच्या हौसेने, फुकटात, नव्याने बांधून काढला होता. साकेतने ठरवलं: पहिला भाग, दुसरा भाग, मग हा नवा तिसरा. क्रमाने, आणि सगळ्यात कठीण पातळीवर. शेवट दिसला की त्याचं रेकॉर्डिंग वर्गाच्या ग्रुपवर टाकायचं. त्या ग्रुपवर दौलतही होता, कधी काही न लिहिणारा. एवढ्या चिकाटीने प्रमोशनच्या मागे लागला असतास तर आज आपण ठाण्यात राहत असतो, असं त्याची बायको देवयानी म्हणाली. साकेतने सांगितलं, प्रश्न तत्त्वाचा आहे. ज्यात दमडीचा फायदा नाही, त्याला आमच्या डोंबिवलीत तत्त्व म्हणतात.

नव्या बांधणीवर तो नाराजच होता. प्रत्येक दालनात संगीत वाजत होतं. त्याच्या आठवणीतला गेम शांत होता. शत्रू कुठे आहे ते पावलांच्या आवाजावरून ओळखायचं, हीच तर त्यातली कला. बनवणाऱ्यांना त्याने मेल लिहिली की पदरचं काही घालू नका. त्यांचं अदबशीर उत्तर आलं, संगीत मूळचंच आहे. कालची पोरं, असं म्हणून साकेतने संगीत बंद केलं आणि पुढे खेळला.

शेवटच्या बॉसने त्याला सत्तेचाळीस वेळा मारलं. अठ्ठेचाळिसाव्या वेळी, चौथ्या दिवशी दुपारी, बॉस पडला. स्क्रीन काळी झाली. आणि शेवट सुरू झाला. चांगली तीन मिनिटांची फिल्म: जळणारा किल्ला, समुद्र, लांब जाणारी होडी. म्हणजे शेवट होता.

तेव्हाच पाठवून टाकलं असतं, तर साकेत जिंकला होता. पण तो हॉटेलचं बिल दोनदा तपासणारा माणूस. उद्या दौलत म्हणेल, हा शेवट नव्या लोकांनी घातला. म्हणजे जुन्याचाही पुरावा हवा. जुनी सीडी मार्कशीटांच्या फाइलीत जपलेली होती. त्याने बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह मागवला आणि शनिवारी सकाळी जुना तिसरा भाग लावला. थेट शेवटच्या पातळीवर नेणारा कोड अजून बोटांत होता.

या वेळी शेजारी कोणी नव्हतं. बॉस पडला. स्क्रीन काळी झाली. गेम बंद.

त्याने पुन्हा खेळून बघितलं. पुन्हा बंद. मग त्याने सीडीतली एक बारकी फाइल उघडली, कोणी कधी उघडत नाही अशी. इंग्रजीत चार ओळी होत्या. सगळं एका सीडीत मावावं म्हणून संगीत आणि शेवटची फिल्म काढून टाकली आहे. म्हणजे त्याने आणलेली सीडी चोरटी, कापलेली नक्कल होती.

देवयानीने त्याच्या खांद्यावरून वाचलं आणि विचारलं, आता ग्रुपवर काय टाकणार? साकेतने शर्ट बदलला आणि मानपाड्याची रिक्षा पकडली.

दौलत स्वतःच्या बिल्डिंगखालच्या ऑफिसात होता. त्याने बस म्हटलं, चहा सांगितला. साकेतने उभ्यानेच सगळं सांगितलं, फाइलीतल्या चार ओळींसकट. भाडेकरू नळ गळतो म्हणून सांगायला आलाय, अशा चेहऱ्याने दौलतने ऐकून घेतलं.

“माहितीये रे,” तो म्हणाला. “गेम माझ्या मशीनवर होताच की. दुसऱ्या दिवशी मी एकटा खेळलेलो. तसाच बंद झाला. ती फाइलही मशीनवर उतरलेली, मग वाचली.”

साकेत बसला. मग त्याने विचारलं, बोलला का नाहीस? मलाही दुकानदाराने फसवलंच होतं.

“ते मला पटलं असतं, पोरांना नाय. पाच जणांनी वर्गणी काढलेली, आणि तू छाती ठोकून सांगितलेलं, पूर्ण गेम आणलाय. पोरं बोलली असती, साकेतने मधले पैसे खाल्ले. तुझे बाबा शाळेत सर. तुमच्या घरात खपलं असतं ते?” दौलतने चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. “आमच्याबद्दल तर लोक बोलतातच. त्यात अजून एक.”

साकेत ‘चुकलो’ म्हणाला, तेही कपात बघून.

सीडीचे पैसे पाच जणांनी सारखे वाटून भरले होते. त्यापुढचं सगळं दौलतने एकट्याने भरलं.