नाकायिझाचा अंगठा

कागदावर जिवंत असलेली आणखी एक मेलेली म्हातारी हाती लागली असती, तर अनुदान-तपासनीस ओमाराची राजधानीला, कंपालाला बदली पक्की होती. बायको-मुलं तिथंच होती. दुसऱ्या बिऱ्हाडाचं भाडं वाचलं असतं, नाकातोंडातली ही तांबडी धूळही सुटली असती. तेव्हा नाकायिझा मेलेली असावी, असं त्याला मनापासून वाटत होतं.

तिच्या नावावर दरमहा वृद्धांचं अनुदान निघत होतं, पण गावात तिला कुणीच पाहिलेलं नव्हतं. मुलगा सेम्पाला आणि सून नाबुकेन्या परक्या जिल्ह्यातून येऊन इथं वसलेले. म्हातारी अंथरुणाला खिळलीय म्हणत सूनच पैसे न्यायची. ओमारानं चार महिन्यांची रक्कम अडवली, घरी तपासणीला येतो असा निरोप धाडला आणि ठशांचं यंत्र घेऊन निघाला.

वाटेत त्याला मोटारसायकलवर मागे बसवून नेणाऱ्या गावच्या चेअरमननं, किगुंडूनं, गाडी एकाएकी केळीच्या बागेत घातली आणि डोक्यावरून कोट ओढून घेतला.

"काय झालं?"

"बायकोची आई येतेय समोरून. हळू बोला."

"मग नमस्कार करा की."

"सासूला तोंड दाखवू? जावई सासूच्या समोर आला तर मरेपर्यंत हात थरथरतात, साहेब. तुमच्या उत्तरेकडे कसं चालतं देव जाणे. वीस वर्षं झाली, तिचं नाक कसं आहे ते मला ठाऊक नाही. उगाच सुखाचा संसार झालाय होय?"

घराच्या ओसरीवर चटई टाकलेली होती. तिच्यावर नवी कोरी गोमेसी नेसून एक गुटगुटीत म्हातारी बसली होती. नाबुकेन्यानं गुडघे टेकून पाहुण्यांची विचारपूस केली.

भाड्यानं आणलेली दिसतेय, ओमारा मनात म्हणाला. त्याला बरं वाटलं.

"जज्जा, आजी, अंथरूण चांगलंच मानवलंय तुम्हाला," तो तिला म्हणाला.

"खाऊ घालते ही. बाकी वळण नाही. पाहुण्यांपुढे अनवाणी! लहानपणापासून हेच."

"सासू ती सासूच," किगुंडू हसला.

"अंगठा ठेवा," ओमारा म्हणाला.

हिरवा दिवा लागला. त्यानं काच पुसली, दुसरा अंगठा घेतला, मग एकेक करून सगळी बोटं. दर वेळी हिरवा. नोंदणीच्या दिवशी ज्या बोटांचे ठसे घेतले होते, तीच ही बोटं. नाकायिझा. हयात. पात्र.

कंपाला लांब गेलं. ओमारानं एक लाख शिलिंग मोजून दिले. नाबुकेन्यानं ते दोन्ही हातांनी घेतले.

"पाप आमच्या मनात नव्हतं, साहेब. तुमच्याच मनात होतं."

तो यंत्र पिशवीत भरत होता, एवढ्यात खांद्यावर कुदळ टाकून सेम्पाला वाटेनं आला. ओसरीवरच्या म्हातारीवर नजर पडली मात्र, तो जागीच थबकला. पाठ फिरवून त्यानं सदरा डोक्यावर ओढला आणि केळींमधून वळसा घालून मागच्या चुलीच्या झोपडीत गेला.

किगुंडूचं हसू मावळलं. तो स्वतःच्या बुटांकडे बघू लागला.

झोपडीतून एक क्षीण आवाज आला.

"आलास का रे बाळा? डोळ्यांनी दिसत नाही, पण गाडी ऐकली मी. सरकारचा माणूस ना? नाकायिझा म्हणून पुकारलं का त्यानं?"

"नाही, आई," सेम्पाला म्हणाला. "तुझा नंबर अजून आलेला नाही."